बांधीतलं गार पाणी

आरमोरीच्या दवाखान्यात सिकलसेलच्या रुग्णांना समजावून सांगायला माणूस हवा होता. बारावी चालणार होती, पण अर्जात अनुभवाचा रकाना होता. मी लिहिलं, 'लेकीचं लाल कार्ड, चार वर्षं.' लाल कार्ड म्हणजे आजार अंगात असलेल्याचं. डॉक्टरबाईंनी ते वाचलं आणि दुसरं काही विचारलंच नाही. गावातले म्हणाले, नशीब काढलं भाऊ तुम्ही. असलं नशीब मला नको होतं.

लेक बारा वर्षांची होती. भाताचा रोवणा सुरू होता, बांधीत घोटाभर गार पाणी होतं, आणि ती हातातली रोपं टाकून धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, जाऊन बसली. पाय दुखतात म्हणाली. कार्ड घरी पेटीत होतं आणि माझी अक्कलही बहुतेक तिथंच होती. "कामाच्या भेवानं सोंग करून राह्यली," असं मी चारचौघांत म्हणालो आणि तिला पुन्हा पाण्यात उतरवलं. संध्याकाळी ताप चढला. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच तिनं जीव सोडला. गार पाण्यानं हे दुखणं उसळतं, ते मला नोकरीच्या प्रशिक्षणात कळलं.

परवा एक बाई मुलीला घेऊन आली. मुलगी लंगडत होती. "रोवणा आला का हिचे पाय दुखतेत, भाऊ. नुसतं सोंग."

मी सांगायचं ते सांगितलं. पाणी भरपूर प्यायचं, गोळी रोज घ्यायची, गार पाण्यात उतरायचं नाही. बाई हो हो करत पिशवी आवरत होती. उद्या ती पोरीला बांधीत नेणार, हे मला स्पष्ट दिसत होतं.

"माह्या पोरीलेबी हेच दुखणं," मी म्हणालो. एवढं मी सगळ्यांनाच सांगतो आणि तिथंच थांबतो. लोकांना वाटतं, ती घरी आहे. तेवढा वेळ मलाही तसंच वाटतं.

"आता कशी हाये?" बाईनं विचारलं.

बरी हाये, असं ओठांवर आलं होतं.

"नाई आता," मी म्हणालो. "मीबी सोंगच म्हनलो होतो."

बाई खाली बसली, पदरानं पोरीच्या पायांचा चिखल पुसला आणि पाय मांडीवर घेऊन दाबत राहिली.

मी रजिस्टर उघडलं, पण लिहिता येईना. त्या दिवशी धुऱ्यावरून लेकीनं मला दोनदा हाक मारली होती. बाबा, थोडे पाय दाबून दे ना.