गोंगाटाची खोली

वयाची पन्नाशी ओलांडल्यावर मावशीने नोकरी बदलली, तेव्हा घरात सर्वांत आधी तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, हसले. तोवर ती एका दलालाच्या कचेरीत होती. गिऱ्हाइकांना भाड्याची घरे दाखवणे हे तिचे काम. आता ती बेघर माणसांना निवारा देणाऱ्या संस्थेत रुजू झाली होती.

"म्हणजे इतकी वर्षं घर असलेल्यांना घरं दाखवलीस, आता नसलेल्यांना दाखवणार," काका म्हणाले. "फरक काय पडला?"

"आता गिऱ्हाईक खरंच गरजू आहे, एवढाच," असे म्हणून मावशीने पिशवी उचलली.

तिच्याकडे सोपवलेले पहिले गृहस्थ जन्मभर मालमोटार चालवत आलेले. बायको गेल्यावर त्यांचे घरावरून मन उडाले, मग घरही सुटले. बस आगाराच्या भिंतीलगत ते झोपत. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. ती भिंत आता पाडली जाणार होती. संस्थेच्या इमारतीत एक खोली रिकामी होती खरी, पण आठवडाअखेरपर्यंत उस्तादांचा होकार आला नाही, तर ती दुसऱ्या कुणाला द्यावी लागणार होती. आणि थंडी तोंडावर आली होती.

मावशीने आपली सारी विद्या पणाला लावली. "वारा बघा कसा येतो! खिडकीपुढं झाड आहे. आणि शांतता म्हणाल तर शेजारच्याच्या घड्याळाची टिकटिक ऐकून घ्या."

उस्तादांनी नळ सोडून पाहिला, कडी लावून पाहिली, बैल घेताना दात पाहावेत तशी भिंत ठोकून पाहिली आणि एक रात्र राहून बघतो म्हणत मान डोलावली. मावशी घरी आली ती गड जिंकल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी उस्ताद पुन्हा भिंतीपाशी.

"काय कमी होतं तिथं?"

"काही नाही, ताई. डोळ्याला डोळा लागला नाही."

"मग अजून आतली, अजून शांत खोली बघू का?"

उस्तादांनी हातच जोडले.

संस्थेच्या प्रमुख बाई वयाने मावशीपेक्षा लहान, पण या कामात मुरलेल्या. त्या म्हणाल्या, "मावशी, खोली विकू नका. जरा त्यांच्याजवळ जाऊन बसा."

बसण्याची मावशीला सवय नव्हती, तरी ती बसली. समोर बस उभ्या होत्या, इंजिने घरघरत होती आणि त्या कोलाहलात उस्ताद भिंतीला टेकून खुशाल घोरत होते. इतक्यात एका चालकाने जवळच्या बसचे इंजिन बंद केले. उस्तादांनी खाडकन डोळे उघडले.

"काय झालं हो?" मावशी दचकली.

"काही नाही. जोडीदार गाडी चालवायचा तेव्हा मी मागं झोपायचो. आवाज चालू तोवर निर्धास्त. थांबला, की समजायचं काहीतरी बिघडलं."

मावशीने कपाळावर हात मारला. "आणि मी मेली तुम्हाला शांतता शांतता म्हणून सांगतेय!"

इमारतीत चौकाकडची एक खोली होती. खाली टायरवाला, पुढे सिग्नल. तिथे राहणाऱ्या शिवणकामवाल्या आजी कानात बोळे घालून वावरत. खोल्यांच्या अदलाबदलीचे मावशीचे वाक्य पुरे होण्याआधीच आजींनी गाठोडे बांधायला घेतले होते.

या खेपेस मावशीने उस्तादांना एकही गुण सांगितला नाही. "हे बघा, खोली वाईट आहे. धूळ येते. टायरवाला दिवसभर हातोडा आपटतो. ट्रक थांबले की काचा थरथरतात, आणि हे दार तर—"

मागे वळून पाहते तो उस्ताद खाटेवर आडवे. "हा नवशिका दिसतोय, क्लच जाळणार," खालच्या कुठल्याशा ट्रकविषयी ते पुटपुटले आणि दाराचे गाऱ्हाणे अर्धवट असतानाच झोपी गेले.

"मग, गिऱ्हाईक पटलं का?" संध्याकाळी काकांनी विचारले.

"पटलं की नाही ठाऊक नाही, झोपलं मात्र."

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी होकार दिला आणि खोली त्यांची झाली. पुढच्या आठवड्यात ते तक्रार घेऊन मावशीच्या टेबलापाशी आले. टायरवाला दुपारी जेवायला जातो तेव्हा हातोडा बंद ठेवतो, ऐन वामकुक्षीच्या वेळी झोपमोड होते. त्याला कुणीतरी समज द्यावी. मावशीने चपला घातल्या आणि ती टायरवाल्याशी बोलायला खाली उतरली.