महिपतरावांनी बाळकुमला नेलेली पेटी

ऋतुराजच्या ऑफिसात पहिल्यांदा शिरले तेव्हा महिपतराव गवस पाच फूट नऊ इंचांचे होते. बसल्यावर ते दीड फुटाचे झाले. बाळकुमच्या त्या सतराव्या मजल्यावर खुर्ची नावाची वस्तूच नव्हती. होत्या त्या जांभळ्या बीन बॅगा, रवंथ करत बसलेल्या म्हशींसारख्या पसरलेल्या. "बसा ना सर, बिनधास्त," ऋतुराज म्हणाला आणि महिपतराव बिनधास्त बसले. आधी त्यांची कंबर आत गेली, मग पोट, मग पेनासकट शर्टाचा खिसा. शेवटी वर दोन गुडघे आणि एक चष्मा एवढाच ऐवज शिल्लक राहिला. माहितीपत्रकं करून देणाऱ्या त्या एजन्सीचा मालक, तेव्हा तिशीही न गाठलेला ऋतुराज, कठड्यावरून विहिरीत पडलेल्या माणसाशी बोलावं तसा वाकून त्या चष्म्याशी पाऊण तास बोलला. नंतर महिपतरावांना उपसून काढायला दोन डिझायनर आणि एक पाणीवाला लागला. त्यांची बायको दर्शना म्हणते, एकच डिझायनर होता. पण ती तिथे नव्हती.

निघताना ऋतुराजने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "सर, तुमच्यासारखा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नाही. तुमच्याशिवाय आपलं चालणारच नाही."

या एका वाक्यावर महिपतराव पाच वर्षं जगले.

ते राहायचे ठाकुर्लीला आणि घरबसल्या मिक्सर, गिझर, इस्त्री, पंखे यांच्या खोक्यांतली माहितीपत्रकं इंग्रजीतून मराठीत आणायचे. 'ओल्या हातांनी प्लगला स्पर्श करू नये' हे महाराष्ट्राला बजावणारे ते हेच. ती पत्रकं कोणी वाचत नाही हे त्यांना ठाऊक होतं, तरी एकेका शब्दासाठी ते दुपारभर झुरायचे. ऋतुराज त्यांना दर पत्रकाची पहिली आठ पानं पाठवी. "पुढचं आमची इनहाउस टीम बघते, सर. कठीण भाग तुमचा." कठीण भाग आपला, यात महिपतरावांना धन्यता वाटे. छापून आलेल्या पत्रकात नवव्या पानावर 'झाकणा'चं अचानक 'लिड' होई आणि 'भांड्या'चा 'जार'. ती टीम अडाणी आहे एवढंच म्हणून ते सोडून देत.

यंदा मात्र प्रश्न मोठा होता. एका वॉशिंग मशीनवाल्या कंपनीचं वर्षभराचं काम ऋतुराजकडे येणार होतं. ते मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर जानेवारीपासून कल्याणला मेहुण्याच्या, काळुरामच्या, पाइपांच्या दुकानात बसायचं, हे घरात ठरून गेलं होतं.

"तुम्ही ऋतुराजला दिवाळीचं काही पाठवत नाही म्हणून असं लटकत राहतं," दर्शनाने निदान केलं. "सगळे पाठवतात."

सगळे पाठवतात म्हणूनच महिपतरावांना त्या प्रकाराची शिसारी होती. वसुबारसेपासून त्यांच्या फोनवर स्वतंत्र धंदा करणाऱ्या तमाम मंडळींची शुभेच्छापत्रं आदळायला लागत. मधोमध हात जोडलेला, गाल गुळगुळीत केलेला फोटोग्राफर किंवा विमा सल्लागार, खाली त्याचा नंबर, आणि लक्ष्मी कुठेतरी कोपऱ्यात, तिकिटाएवढी. जणू तीच याच्याकडे कामाला आहे! "ही माणसं देवीलासुद्धा व्हिजिटिंग कार्डावर बसवतात," महिपतराव म्हणत. "किळस येते मला."

"येऊ दे. किळस घेऊन जा, पण पेटीही घेऊन जा," दर्शना म्हणाली. "नाहीतर बसा काळूदादाकडे. गिऱ्हाईक अर्ध्या इंचाचा एल्बो मागेल, तेव्हा त्याला सांगा शुद्ध मराठीत."

पेटी तिनेच आणली. गुलाबी सॅटिन, सोनेरी झालर, वर प्लास्टिकचा मोर. आत काजू-बदाम होते, पण निम्म्या उंचीपर्यंत पुठ्ठाच होता आणि वरचा सुका मेवा अंगाला अंग न लावता बसला होता. महिपतरावांनी ती पेटी मेलेला उंदीर धरावा तशी दोन बोटांत धरून पाहिली. सोबत चिठ्ठी मात्र आपण स्वतःच्या हाताने लिहिणार, असा त्यांनी हट्ट धरला. सकाळ खर्ची घालून त्यांनी लिहिलं: 'आपणास व आपल्या कुटुंबीयांस दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा. पेटी कोरड्या जागी, थेट सूर्यप्रकाशापासून दूर ठेवावी. उघडल्यानंतर पंधरा दिवसांत वापर करावा.'

"अहो, हे काय?" दर्शना म्हणाली.

"काय म्हणजे? उपयुक्त आहे."

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी ते ठाण्याहून रिक्षा करून बाळकुमला पोहोचले. ऋतुराज मीटिंगमध्ये होता. बाहेरच्या बीन बॅगांत सहा माणसं आधीच बुडालेली होती आणि प्रत्येक जण काहीतरी पाठीमागे लपवत होता. एकाच्या बगलेतून झालर बाहेर आली होती. महिपतरावांनी आपला मोर पटकन पोटाशी धरला आणि ते सातव्या बॅगेत उतरले.

शेजारच्या चाळिशीच्या बाईंनी विचारलं, "भेटायला आलात?"

"छे, सहज. इकडून चाललो होतो."

"मीपण सहजच. मी वैशाली. घोडबंदरला असते."

पलीकडचा पंचविशीचा मुलगा हसला. "काका, बाळकुमवरून सहज कोण जातं? मी सम्यक. कल्याणवरून आलोय, दोन रिक्षा बदलून. तुम्ही काय करता?"

"भाषांतर. मराठी. घरगुती उपकरणं," महिपतराव ताठ होऊन म्हणाले, बीन बॅगेत जितकं होता येतं तितकं.

"मीपण तेच."

"मीही," वैशाली म्हणाली. "तो नवा मिक्सर माझाच."

"माफ करा, मिक्सर माझा आहे."

"कुठली पानं?" सम्यकने विचारलं.

"एक ते आठ."

"माझी नऊ ते सोळा," वैशाली म्हणाली.

"आणि सतरापासून मी. वॉरंटी आणि तक्रार निवारण." सम्यकने मान हलवली. "मला बोललेला, पहिली पानं इनहाउस टीम करते, सोपी असतात म्हणून."

महिपतरावांनी वैशालीकडे पाहिलं. "म्हणजे ते 'लिड' तुमचं?"

"आणि ते 'झाकण' तुमचं होय? मला वाटायचं टीममध्ये कोणी म्हातारा बसवलाय."

"तुम्हाला काय म्हणाला तो? अख्ख्या ठाणे जिल्ह्यात..."

"...तुमच्यासारखं कोणी नाही," वैशालीने वाक्य पुरं केलं. चार बॅगांतून चार माना डोलल्या. तेवढ्यात दार उघडलं.

"अरे वा! अख्खी फॅमिली!" ऋतुराजने टाळ्या पिटल्या. तो लाजला नाही, गडबडला नाही. "या या, फोटो काढू एक. आपापल्या पेट्या घ्या. वर धरा, सर, मोर दिसू दे ना यार! आणि त्या चिठ्ठ्या काढा, फोटोत कचरा वाटतो."

ऑफिसातल्या एका मुलीने चिठ्ठ्या भराभर उपटून टेबलावर टाकल्या. महिपतरावांची सूर्यप्रकाशापासून दूर, बरोबर कोरड्या जागी पडली. सात जण ओळीत उभे राहिले. आता पेटी खाली ठेवावी आणि चालू लागावं, असं महिपतरावांना अगदी आतून वाटलं. पण वैशालीने तिची उंच धरली, सम्यकने त्याची त्याहून उंच धरली, आणि महिपतरावांनी मोर डोक्याच्याही वर नेला.

"सर, ते वॉशिंग मशीनचं..." वैशालीने हळूच काढलं.

"दिवाळी एन्जॉय करा ना, मॅडम! सगळे माझ्या शॉर्टलिस्टमध्ये आहात," असं म्हणत ऋतुराजने प्रत्येकाच्या हातात एजन्सीचं नाव कोरलेली वासाची मेणबत्ती ठेवली. तिला फिनेल टाकलेल्या गुलाबाचा वास होता.

संध्याकाळी फोटो इंटरनेटवर झळकला. वर लिहिलं होतं, 'फ्रीलान्सर नाही, कुटुंब!' दर्शनाने तो बोटांनी मोठा करून पाहिला.

"अहो, आपल्या लग्नातसुद्धा एवढे हसला नव्हतात."

महिपतरावांनी पाहिलं. खरंच, सगळे दात. वरची दाढसुद्धा, जिच्यावर कॅप आहे ती. दुसऱ्यांच्या जोडलेल्या हातांवर एवढी वर्षं नाक मुरडणारा हाच का तो माणूस, हे त्यांना कळेना. फोन दूर भिरकावून द्यावासा वाटला. मग दिसलं, की फोटोखाली सम्यकने टाळ्या टाकल्या आहेत आणि वैशालीने लिहिलंय, 'सदैव ऋणी, सर!'

त्यांनी एकदा दर्शनाकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे. मग बत्तीस वर्षांच्या ऋतुराजला, स्वतःच्या बावन्न वर्षांच्या बोटांनी, त्यांनी टाइप केलं: 'आपल्यासारखा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात नाही, सर.' आणि ते उठून तोंड धुवायला गेले.

तुळशीच्या लग्नानंतरच्या सोमवारी वॉशिंग मशीनवाल्या कंपनीने कळवलं, की यापुढे मराठी माहितीपत्रक छापायचं नाही.