धानाच्या खोलीतली चटई

माझी धाकटी जाऊ लग्न होऊन नागपूरहून आली तेव्हा तिच्या ट्रंकेबरोबर एक गुंडाळलेली चटई होती. साठ सालानंतरची गोष्ट. बालाघाटजवळच्या आमच्या गावात चटईचं काही नवल नव्हतं. पण ही बाई रोज सकाळी त्या चटईवर उताणी पडून व्यायाम करायची. शाळेतल्या कवायतीच्या बाईंनी शिकवला होता म्हणे. गुडघे मुडपून, श्वास सोडत, पोट आत ओढून कंबर सावकाश वर उचलायची, तितक्याच सावकाश खाली ठेवायची. मग एकेक पाय. दहा-बारा वेळा, बस्स. घाई नाही, धाप नाही. उठली की चेहरा असा, जणू आत्ताच माहेरी जाऊन आली.

मला ते बघवत नसे. तीन बाळंतपणांनंतर माझी कंबर पार खिळखिळी झाली होती. चुलीपुढून उठताना भिंत धरावी लागे, आणि ही भरली घागर घेऊन विहिरीवरून सरळ चालत यायची. पण माझा खरा जीव अडकला होता रोवणीत. आमच्याकडे धानाची रोवणी सुरू झाली की बांधीत, म्हणजे खाचरात, धुऱ्याच्या बांधालगतची पहिली ओळ घरच्या मोठ्या सुनेनं धरायची आणि तिच्या ओळीवरून बाकीच्या बायकांनी आपापली. दिवसभर वाकून, चिखलात परे, म्हणजे धानाची रोपं, खोचत मागे मागे सरकत. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढंच होतं. त्या वर्षी एक दिवस दुपारनंतर माझी ओळ रेंगाळली आणि सासूबाई धुऱ्यावरून ओरडल्या, "मोठे, तू परे वाटून दे. धाकटीले येऊ दे म्होरं." धाकटीनं ती ओळ संध्याकाळपर्यंत ओढली आणि हसत हातपाय धुवायला गेली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दोनच दिवसांनी शेजारच्या बायका अंगणात बसल्या होत्या. मी मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "आमच्या घरी कासव आलं हाय वो. रोज उलटं पडून पाय हालवते." बायका हसल्या. सासूबाईंना मात्र लागलं. त्यांनी धाकटीला बोलावलं.

"घरात सासरा बसला हाय अन् तू टांगा वर करतं? बंद कर हे."

धाकटीनं चटई गुंडाळून धानाच्या खोलीत कणगीमागे ठेवली. वाद नाही, रडणं नाही. मला त्याचाही राग आला.

मग मी काय केलं? त्याच खोलीचं दार लोटून तीच चटई अंथरली. इतके दिवस तिला दाराच्या फटीतून पाहिलं होतंच. पण माझ्या अंगात सवय मुसळाची. धान कांडावं तसा दम धरून, हूं हूं करत मी कंबर आपटायला लागले. ती दहा करते तर मी शंभर करीन, ही ईर्षा. चाळीसेक झाले असतील, आणि कमरेत अशी कळ आली की उठताही येईना. ओरडायची सोय नव्हती. ओरडून काय सांगणार होते?

नेमकी धाकटीच तांदूळ काढायला आली. मला पाहिलं आणि आधी दार आतून लावलं. शेजारी बसून माझ्या पोटावर हात ठेवला.

"कांडल्यासारखं नका करू, जाऊबाई. दम काहून धरला? सोडा. हळू. आता पोट आत घ्या, कंबर मंग उचला."

"कोणाले सांगशील?"

"मी काहून सांगू?"

कळ ओसरल्यावर ते रोजचं झालं. दुपारी घर पांगलं की मी चटईवर, आणि ती दाराबाहेर सूप घेऊन पाखडत बसलेली. कोणी आलंच तर खोकायला. पुढच्या रोवणीपर्यंत माझी भिंत सुटली, श्वास पुरायला लागला, आणि पहिली ओळ संध्याकाळपर्यंत माझी राहिली. गावात मी सांगितलं, वैद्याचं तेल लागू पडलं.

त्या खोलीत दोन चटया सहज मावल्या असत्या. 'तू पण कर' एवढंच म्हणायचं होतं. पण ती पुन्हा माझ्या पुढे जाईल ही धास्ती होती, म्हणून म्हटलं नाही. तिनंही कधी विचारलं नाही.

बारा-तेरा वर्षांत तिला चार मुलं झाली. घरातल्या एका लग्नात मांडवात पुऱ्या लाटताना एकीनं मला विचारलं, "काहून वो मोठ्या बाई, या वयातही तुमची पाठ एवढी सरळ कशी?"

धाकटी शेजारीच बसली होती. आता तिला उठताना मांडवाचा खांब धरावा लागायचा.

"माहेरची हाडंच तशी," मी म्हटलं.

धाकटीनं लाटणं थांबवलं नाही. "हौ," ती म्हणाली, "पहिल्यापासूनच तशा हायेत त्या."

एवढं मोठं खोटं ती किती सहज बोलली, सावकाश श्वास सोडावा तसं. मला लाज वाटायला हवी होती. वाटला तो हेवाच.