उठायच्या बेतातला बुद्ध

पुण्याहून सकाळच्या गाडीने कर्जतला उतरलो तेव्हाच स्टेशनाबाहेरचा रस्ता तापू लागला होता. पनवेलकडे जाणारी एस.टी. उभी होती. मला चौकला उतरून लोधिवलीच्या बाजूला चालत जायचं होतं. तिकडच्या एका वाडीत भागूराम गायकवाड नावाचे मूर्तिकार राहतात आणि पूर्वी ते पलटणीच्या संघातून रग्बी खेळत, एवढीच माहिती आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत मिळाली होती.

कंडक्टरला मूर्तिकार ठाऊक नव्हता. रग्बी म्हणजे काय, तेही त्याला ठाऊक नव्हतं. मी सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा मागच्या बाकावरची एक बाई म्हणाली, "कान मोडलेला ना? तो पाटीवाला हवालदार. आमच्या दुकानाची पाटी त्यानंच रंगवलीय. अक्षरं अशी जाड हायत, का गिऱ्हाईक भितं."

चौकला उतरलो. इर्शाळगडाचा सुळका समोर होता आणि त्यातलं नेढं (कड्याला आरपार पडलेलं भोक) स्पष्ट दिसत होतं. शेतांत राब भाजून झाले होते (भाताची रोपं लावण्यापूर्वी पालापाचोळा पसरून जमीन जाळतात), त्यामुळे पिवळ्या माळावर जागोजागी काळी ठिगळं होती. एका बांधावरून उतरताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. उरलेली वाट मी राखेतून अनवाणी चाललो आणि वाडीत पोचलो तो गुडघ्यापर्यंत काळा होऊन.

गायकवाडांच्या पत्नी काशीबाईंनी पायांवर पाणी घातलं. "पेपरात लिवनार काय? लिवा. आमच्यात कोन वाचनार नाय," त्या म्हणाल्या आणि जेवायला वाढलं. तांदळाची भाकरी, सुकट (वाळवलेली बारीक कोळंबी) आणि कैरीची फोड.

हवालदार पन्नाशीचे. मान जवळजवळ नाहीच. डोकं खांद्यांवर थेट ठेवल्यासारखं. दोन्ही कान तळताना मोडलेल्या कुरडईसारखे. जेवताना त्यांनी खेळ समजावून दिला. आठ जण वाकून खांद्यात खांदा अडकवतात आणि समोरच्या आठांना रेटतात. ते पहिल्या ओळीत असत. कान तिथेच गेले. चेंडू घेऊन पुढे पळायचं, पण हाताने तो द्यायचा फक्त मागच्याला.

"पुढं पळायचं आन् द्यायचं मागच्याला," काशीबाई म्हणाल्या. "म्हनून तर हवालदारच राहिलात."

गुडघा निखळला आणि खेळ संपला. पलटण तेव्हा कलकत्त्याला होती. त्यांना छावणीतल्या पाट्या रंगवायचं काम दिलं गेलं. सुट्टीच्या दिवशी ते मूर्तिकारांच्या गल्लीत जाऊन बसत. बांबूच्या सांगाड्यावर पेंढा सुतळीने आवळायचा आणि त्यावर माती चढवायची, ही रीत तिथे शिकले. निवृत्तीनंतर गावी आले ते ही रीत घेऊनच. पेंढ्याला इकडे तोटा नाही. पण मूर्ती कुणी मागितली नाही. खोपोलीच्या कारखान्यांतल्या 'सावधान'च्या पाट्या आणि गावोगावच्या नाटकांचे पडदे यांवर दिवस चालले होते. घरात तसा एक पडदा वाळत होता. त्यावर रंगवलेल्या राजवाड्याच्या खिडकीतून इर्शाळगड दिसत होता.

या वर्षी पहिल्यांदा मूर्तीचं काम आलं, तेही स्वतःच्या वाडीचं. गावाने धम्म स्वीकारल्याला वीस वर्षं होत आली होती. विहार आता बांधून झाला होता. आत बसवायला बुद्ध हवा होता आणि बुद्धपौर्णिमेला आठ दिवस राहिले होते. त्या दुपारी विहाराची कमिटी मातीची मूर्ती पाहायला येणार होती. पसंत पडली तर दुसऱ्या दिवशी साचा घ्यायचा आणि सिमेंटमध्ये ओतायची. नाही तर मुंबईहून तयार मूर्ती आणायची, असं ठरलं होतं.

"तयार आणली तर?" मी विचारलं.

"तर मी पाट्या रंगवीन. आपल्याच वाडीनं नको म्हटल्यावर दुसरं कोन काम देनार?" ते म्हणाले आणि भाकरीचा शेवटचा तुकडा तसाच ठेवून उठले.

मूर्ती मागच्या कुडाच्या पडवीत होती. चार फूट उंच, मांडी घातलेली, डोळे मिटलेले. चेहरा खरोखर सुंदर होता. कान मोडलेले नव्हते; मी आधी तेच पाहिलं. तरी काहीतरी खटकत होतं.

कमिटी आली. अध्यक्ष जाधव गुरुजी, चार पुरुष, तीन बाया आणि कमिटीत नसलेल्या पण सर्वांच्या आधी आत शिरलेल्या सोनाबाई, हवालदारांची आत्या. वय सत्तरीच्या पुढे. सगळे मूर्तीभोवती फिरले. सोनाबाई समोर उकिडव्या बसल्या.

"भागू, ह्यो बसलाय का उठतोय रं?"

"बसलाय ना आत्या. मांडी घातलीय."

"मांडी घातलीय, पर बूड कुटं टेकलंय? आत्ता उठल आन् गुरुजींना रेटल."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. गुरुजी नकळत एक पाऊल मागे सरकले. सोनाबाईंचं बरोबर होतं. बुद्धाचे खांदे पुढे झुकले होते, पाठीचा भार पुढे आला होता. शिट्टीची वाट पाहणाऱ्या पहिल्या ओळीतल्या माणसाची ती बैठक होती.

"हवालदार, मेहनत दिसते," गुरुजी म्हणाले. "पण लोक शांत व्हायला येणार. मुंबईला उद्या माणूस पाठवावा लागेल."

हवालदार मूर्तीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गुडघा गेल्यापासून मांडी घालता येत नाय गुरुजी. बसलेल्या मानसाचं वजन कुटं जातं, ते आंगाला आठवत नाय."

"मग इचारायचं नाय?" सोनाबाई म्हणाल्या. त्यांनी नऊवारीचा घोळ आवरला, जमिनीवर मांडी घातली, हात मांडीवर ठेवले, डोळे मिटले. "हात लाव पाठीला. बघ."

हवालदारांनी त्यांच्या पाठीवर तळवा ठेवला. बराच वेळ ठेवला. मग मूर्तीकडे गेले, दोन्ही खांद्यांवरची ओली माती ओंजळीने काढून खाली टाकली आणि आतली सुतळी कापली. गुरुजी "अहो" म्हणाले, एवढंच. सांगाडा मागे ओढला, पाठीत नवा पेंढा भरला, माती चढवली. मधूनमधून येऊन आत्याच्या पाठीला हात लावायचा आणि परत जायचं. कमिटी भिंतीला टेकली.

"आत्या झोपली," एक जण पुटपुटला.

"बसलेय," आत्या म्हणाल्या. "तुमी गप बसा."

ऊन कलेपर्यंत हे चाललं. काशीबाईंनी दोनदा चहा दिला. सोनाबाईंनी घेतला नाही. शेवटी हवालदारांनी हात धुतले आणि बाजूला झाले. मूर्तीचे खांदे आता म्हाताऱ्या बाईसारखे उतरते होते, पोट किंचित सैल. सारं वजन खाली जमिनीत गेलं होतं.

गुरुजी बाहेर गेले. ते निघून गेले असं मला वाटलं. ते परत आले तेव्हा त्यांच्या पायात चपला नव्हत्या. ते पाहून बाकीचेही एकेक करून उठले आणि चपला बाहेर ठेवून आले. मुंबईचं नाव पुन्हा निघालं नाही.

सोनाबाईंच्या पायांना मात्र मुंग्या आल्या होत्या. "भागू, बुद्धाला बसवलंस, आता मला उठीव." हवालदार वाकले, खांदा त्यांच्या काखेखाली घातला आणि एका रेट्यात त्यांना उभं केलं.

"हां, हे येतंय तुला," आत्या म्हणाल्या.

काशीबाईंनी माझी चप्पल शिवून ठेवली होती. संध्याकाळची एस.टी. मिळाली आणि कर्जतला पुण्याची गाडीही. घाट चढताना टिपणं चाळली. रग्बीवर एक पान होतं, बाकी सगळी सोनाबाईंच्या पाठीवर. मूर्तीच्या चौथऱ्यावर कमिटीची नावं येतील, घडवणाऱ्याचंही येईल. गुरुजींनी तसं सांगितलं. दुपारभर चहा न पिता कोण बसून होतं, हे तिथे येणार नाही. म्हणून ते इथे लिहिलं.