दादाच्या पायातले माझे बूट

नवी चप्पल चावते म्हणून आमच्या घरात ती आधी दुसऱ्याच्या पायात जायची. आईच्या नव्या वहाणा चार दिवस आत्या वापरायची, माझे शाळेचे बूट चुलतभाऊ घालून हुंदडून यायचा. ज्याचे पाय राठ, त्याने नवं पायताण मऊ करून द्यायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. घरात सगळ्यात राठ पाय माझ्या थोरल्या भावाचे, म्हणून माझे शर्यतीचे बूटही मी त्याच्याच पायात घातले. ही गोष्ट त्या बुटांची आणि दादाच्या उजव्या पायाची आहे. तो पाय आता नाही.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. आमची शेती नाशिकच्या पश्चिमेला, गिरणाऱ्याच्या अलीकडे. टोमॅटो, वांगी, मिरची आणि थोडा झेंडू. शेत वडील आणि दादा बघायचे. मी अंबडला एका कारखान्यात लेथ मशीनवर होतो आणि रविवारी मातीच्या ट्रॅकवर मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायचो. गाडी माझी नव्हती. शहरात एक गॅरेजवाले शेठ होते, ते मला त्यांची गाडी द्यायचे. त्या वर्षी त्यांनी मला सांगून टाकलं, पहिल्या पाचात आलास तर कायमचा आमच्या टीममध्ये, मग लेथ सोडून दे. मी चोवीस वर्षांचा होतो आणि लेथचा मला मनापासून वीट आला होता. एवढं वाक्य मला पुरेसं होतं.

तोवर मी कंपनीच्या सेफ्टी शूजवरच गाडी चालवायचो. त्या वर्षापासून आयोजकांनी नियम केला की शर्यतीचे खास बूट नसतील तर उतरायचं नाही. नाशकात तसले बूट मिळायची सोय नव्हती. शेठनी ते कुणाकडून तरी परदेशातून मागवले, आणि ते हातात पडले तेव्हा शर्यतीला महिना उरला होता.

बूट कसले, चिलखतच. गुडघ्याच्या खालपर्यंत उंच, पुढे प्लास्टिकची ढाल, बाजूला चार बकलं, आणि तळवा पाटासारखा. घोटा वाकेल तर शपथ. लहानपणापासून अनवाणी चिखलात वावरलेले आमचे पाय पुढून पसरट, आणि बूट गोऱ्या माणसाच्या निमुळत्या पायाचे. पहिल्या दिवशी अंगणात चार पावलं चाललो तर करंगळीची साल निघाली. गाडीवर बसलो तर आणखी पंचाईत. गिअर टाकायला अख्खा पाय उचलावा लागे, आणि ब्रेकवर पाय ठेवलाय की नाही तेच कळत नसे. एकदा दाबलाय असं वाटलं आणि मी सरळ वांग्यात गेलो.

शेठ हसले. म्हणाले, "महिनाभर पायात ठेव, चाल, फीर, ओले कर, वाळव. आणि मऊ झाल्याशिवाय गाडीवर बसू नकोस."

महिनाभर पायात ठेवायला मला वेळ कुठे होता? आठ तास लेथपुढे सेफ्टी शूजमध्ये उभं राहायचं, जाणं-येणं वेगळं. मी बूट उचलले आणि शेतात दादापुढे नेऊन ठेवले. दादा टोमॅटोची बांधणी करत होता. त्याने बूट उलटसुलट करून पाहिले.

"हे घालून माणूस चालतो व्हय रं?"

"तू चाल. मला मऊ करून दे."

"दे ठिवून. पाणी भरताना घालीत जाईन. लय चावले तर तुझ्या नावानं बोंबलंन."

शेठचं पहिलं वाक्य मी त्याला सांगितलं. दुसरं, गाडीवर न बसण्याचं, सांगितलं नाही. त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. दादा शेतात चालणार, त्याला गाडीचं काय सांगायचं, असं वाटलं असावं. की तेवढाही विचार मी केला नव्हता? आज कितीही खरवडलं तरी आठवत नाही.

दादाने मात्र मनावर घेतलं. सकाळपासून बूट पायात. चिखलात उभा राहायचा, बांधावर वाळवायचा, रात्रीच्या जेवणाआधी खोबरेल चोळायचा. झेंडूच्या वाफ्यात आम्ही पायताण घालून जात नाही, फुलं देवाला जातात. तिथे पोचला की बांधावर बसून आठही बकलं काढायचा, फुलं तोडून आला की आठही लावायचा. आई हसून म्हणायची, नवरदेवाचं एवढं नाटक नसतं. मी कामावरून आलो की तो पाय पुढे करून दाखवायचा, बघ, आता वाकतोय. टाचेला फोड आले होते ते दाखवायचा नाही. ते मी त्याच्या मोज्यावरच्या डागांवरून ओळखलं, आणि ओळखूनही बूट परत मागितले नाहीत, कारण शर्यतीला बारा दिवस राहिले होते आणि बूट खरंच वाकायला लागले होते.

हरसूलच्या बाजाराच्या दिवशी दादा घरच्या मोटरसायकलवर दोन्ही बाजूंना मिरची-वांग्याची पोती टाकून जायचा. त्या दिवशीही गेला, बूट घालून. का, तर दिवसभर बाजारात उभं राहायचंय, तेवढेच आणखी मऊ होतील. वाघेऱ्याच्या घाटात वळणावर समोरून जीप आली. दादाने ब्रेक दाबला, म्हणजे दाबला असं त्याला वाटलं. नंतर तो एवढंच म्हणाला, "पायाला ब्रेक घावलाच नाय." गाडी, पोती आणि तो कठड्याच्या दगडावर गेले आणि उजवा पाय मध्ये सापडला.

मला कंपनीच्या गेटवर फोन आला. त्याच जीपवाल्याने दादाला नाशकात आणलं होतं, दोन तास मागच्या बाकावर आडवं टाकून. मी दवाखान्यात पोचलो तेव्हा घरचं दुसरं कुणी आलेलं नव्हतं. दादा शुद्धीवर होता. चेहरा राखेसारखा, अंगावर मिरच्यांचा वास. गुडघा जिथे असायला हवा तिथे नव्हता, बाजूला सरकला होता, आणि मांडी पँटमध्ये मावत नव्हती. त्याच्याखाली माझा बूट. धुळीने माखलेला, पण कुठे फाटलेला नाही, एक बकल तेवढं वाकलेलं.

डॉक्टर तरुण होते, घाईत होते. म्हणाले, "पावलापर्यंत रक्त जातंय का ते बघायला हवं. बूट कापावा लागेल." वॉर्डबॉय प्लास्टर कापायची मोठी कात्री घेऊन आला आणि त्याने तिचं टोक बुटाच्या वरच्या कडेत घातलं.

मी म्हणालो, "थांबा. कापू नका. मी काढतो."

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून नीट लिहितो. मी घाबरलो होतो, भांबावलो होतो, हे सगळं खरं. पण ते शब्द तोंडातून निघाले तेव्हा माझ्या डोक्यात दादा नव्हता. दुसरे बूट मिळणार नाहीत, हे होतं.

डॉक्टर शेजारच्या पेशंटकडे वळले होते. वॉर्डबॉय बाजूला झाला. मी बकलं काढायला बसलो. तीन निघाली, वाकलेलं निघेना. ते मी नखांनी, मग शेजारच्या टेबलावरच्या चमच्याने उचकटलं. मग टाच धरून ओढलं. पाय सुजला होता, बूट येत नव्हता. मी पुन्हा ओढलं. दादा ओरडला नाही. त्याने खाटेची कड धरली आणि माझ्याकडे बघत राहिला. बूट निघाला तेव्हा आतलं पाऊल अगदी शाबूत होतं, ओरखडासुद्धा नाही. पांढरंफटक आणि थंड.

डॉक्टर परत आले आणि माझ्यावर भडकले. "गुडघ्याची शीर तुटलीय, आणि तुम्ही पाय ओढताय? किती वेळ घालवलात?" त्यांनी लगेच ऑपरेशनला घेतलं. तिसऱ्या दिवशी पाय मांडीतून कापला.

पुढे कधीतरी मी दुसऱ्या एका डॉक्टरला आडून आडून विचारलं. ते म्हणाले, पाय घाटातच गेला असणार, दोन तास रक्त नाही म्हटल्यावर त्या दहा मिनिटांनी काय फरक पडणार? ते खरं असेल. मी ते स्वतःला पुष्कळदा ऐकवलंय. तरी माझ्या हातांना ते ओढणं अजून आठवतं.

पाय कापला त्या संध्याकाळी वडील वॉर्डात आले. कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं होतं की बूट कापू दिला नाही म्हणून वेळ गेला. ते खाटेशी उभे राहिले आणि आधी माझ्याकडे, मग दादाकडे बघून म्हणाले, "कोन म्हनलं कापू नका म्हून?"

मी सांगणार होतो, असं मला वाटतं.

दादा म्हणाला, "मी म्हनलो. त्याची शर्यत हाय ना."

वडिलांनी कपाळावर हात मारून घेतला. मी दादाकडे पाहिलं. तो छताकडे बघत होता.

शर्यतीत मी उतरलो. दादाच म्हणाला जा म्हणून, आणि मी गेलो, हे त्याहून मोठं नवल. बूट पायात छान बसले. मी नववा आलो. शेठ गाडी घेऊन गेले, आणि मी लेथवर परत गेलो. तिथेच निवृत्त होईन.

दादाने जयपूरचा पाय बसवून घेतला, पण चिखलात त्या पायाने उभं राहता येईना. पुढे शेत वाट्याने लावलं. तो रस्त्याला टपरी टाकून बसला. वडील त्यानंतर अकरा वर्षं जगले. घरी पाहुणा आला आणि पायाचा विषय निघाला की ते दादाच्या तोंडावर म्हणायचे, "ह्यानं सोताच्या हातानं घालवला. पायापरास भावाचा बूट मोठा वाटला याला." पाहुणा हळहळायचा. दादा म्हणायचा, "हा, चुकलंच माझं." मी तिथेच बसलेला असायचो आणि पाहुण्याला चहा घ्या म्हणायचो.