साहेबाच्या दारावरचं अक्षर

पेंटरच्या बायकोला सगळे पेंटरीण म्हणत आणि तिला ते आवडायचं. नवऱ्याने सहा वर्षांत एकही पाटी रंगवली नव्हती, नाव तेवढं उरलं होतं. त्याच्या डोक्यात एक आवाज बसला होता. अक्षर काढलं की तो म्हणे, वाकडं आहे, पूस. मग पेंटर पुसायचा, पुन्हा काढायचा, पुन्हा पुसायचा; खाणं नाही, झोप नाही, बोटांची सालं निघेपर्यंत. म्हणून तिने सगळे ब्रश पत्र्याच्या पेटीत कोंडून किल्ली गळ्यात अडकवली होती. ब्रश नसला की तो बरा असे. बरा म्हणजे काय, खिडकीशी गप्प बसून असे.

ती एका शाळेच्या कँटीनमध्ये भांडी घासायची आणि ते कँटीन पुढच्या महिन्यात बंद होणार होतं. सरकारी अपंगत्वाचा दाखला मिळाला असता तर दरमहा भत्ता आणि औषधं फुकट. त्यासाठी मनाचा आजार किमान चाळीस टक्के भरायला हवा. मन टक्क्यांत कोण मोजतं आणि कशाने, देव जाणे.

अर्ज ज्याचा त्याने स्वतःच्या हाताने भरायचा, असा नियम. ते चार पानी काम उरकायला पेंटरला एकोणीस दिवस लागले. बावीस प्रती बिघडल्या, तेविसावी उतरली. मधल्या काळात तो दोनदा भिंतीवर डोकं आपटून रडला. आणि पेंटरिणीने काय करावं? बावीसच्या बावीस प्रती जाळून टाकल्या! बिघडलेलं काम गिऱ्हाइकाला दाखवायचं नसतं, हा त्या घरचा पहिला धडा, आणि सरकारही गिऱ्हाइकच, असं तिला वाटलं. हात दाखवून अवलक्षण ते हेच.

तपासणी मंडळात तिघे बसले होते. मधला डॉक्टर त्यांचा प्रमुख, त्याला सगळे साहेब म्हणत. टेबलावर हॉस्पिटलच्या सहा वर्षांच्या कागदांची जाडजूड फाईल होती. साहेबाने तिची दोरीसुद्धा सोडली नाही. अर्ज मात्र उचलून शेजारच्यांना दाखवला.

"बघा हो, छापल्यासारखं! आमच्या क्लार्कला शिकवा जरा."

तिघे हसले. पेंटरही हसला, कारण कामाचं कौतुक झालं होतं.

"साहेब, हा तेविसावा आहे," पेंटरीण म्हणाली. "एकोणीस दिवस लागलेत."

"मग बाकीचे बावीस कुठायत?"

"जाळले."

"आता राखेवर सही करू का मी? अहो बाई, ज्याचा हात असा चालतो त्याचं डोकं चालत नाही, हे कोण मानेल?" त्याने वीस टक्के लिहिले. "पटत नसेल तर फेरतपासणीचा अर्ज द्या, तो तुम्ही भरलात तरी चालेल." मग तो पेंटरकडे वळला. "आमच्या दारावर एक ओळ लिहून द्याल? 'परवानगीशिवाय आत येऊ नये.' रंग ऑफिसचा. तेवढंच तुमचंही मन रमेल."

फाईल न उघडणाऱ्या त्या स्वच्छ नखांची पेंटरिणीला किळस आली. काम फुकट मागायचं, वर उपकार केल्याचा आव! तोंडावर थुंकावं असं वाटलं. पण पेंटर एव्हाना उठून उभा राहिला होता.

"होईल की, साहेब."

नको म्हणायला तिने तोंड उघडलं. मग मिटलं. घरी येऊन तिने गळ्यातली किल्ली काढली आणि पेटी उघडली.

दुसऱ्या दिवशी पेंटर साहेबाच्या दाराशी बसला. पहिलं अक्षर काढलं, मागे सरून पाहिलं, टर्पेंटाइनने पुसलं. दुपारपर्यंत ते एकच अक्षर तीसेक वेळा निघालं आणि तितक्याच वेळा पुसलं गेलं. पेंटरीण डबा घेऊन आली.

"अहो, दोन घास खाऊन घ्या."

"थांब गं. एवढा काना सरळ होऊ दे."

तिसऱ्या दिवशी फडकं पुरेना, म्हणून तो पातं घेऊन खरवडू लागला. जुना रंग गेला, अस्तर गेलं, पांढरं लाकूड उघडं पडलं आणि त्यावर त्याच्या बोटांचं रक्त लागत राहिलं. माणसं वळसा घालून जात होती. कोणी त्याला थांबवलं नाही. बाकावर बसलेल्या तिनेही नाही.

साहेब बाहेर आला आणि दार बघून ओरडलाच. "हे काय करून ठेवलंय? वेडा आहे का हा माणूस?"

पेंटरीण उठली. फेरतपासणीचा अर्ज तिने त्याच्यापुढे धरला.

"हेच लिहा, साहेब. तुमच्याच तोंडचं आहे."

सहा वर्षांच्या फाईलला जमलं नाही ते एका दाराने केलं. माणूस आतून खरवडला गेला तर यांना दिसत नाही. सरकारी लाकूड खरवडलं की लगेच निदान होतं. थू असल्या निदानावर!

दाखला पोस्टाने आला. साठ टक्के. "सुटलीस बाई," शेजारीण म्हणाली.

पेंटर घराच्या दाराशी उकिडवा बसला होता. ब्रश पुन्हा कोंडले होते, म्हणून काडेपेटीतल्या जळक्या काडीने तो अक्षर काढत होता आणि थुंकी लावून पुसत होता. त्या तीन दिवसांनंतर तो पूर्वीसारखा खिडकीशी गप्प बसलाच नव्हता.

"साहेबांचं काम अर्धवट राहिलंय गं," तो म्हणाला. "उद्या नेशील मला?"

तिने दाखला पुन्हा वाचला. चाळीस त्याचे आधीपासूनचे होते. वरचे वीस तिने पेटी उघडून घातले होते.