नानांची सही

गिरणीतले किस्से सरकीच्या ढिगासारखे असतात. एका बाजूने उपसावेत, तर दुसरीकडून तेवढेच घसरून येतात! जळगावच्या आमच्या तेलगिरणीत मी आवक-जावक कारकून होतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. संध्याकाळी घरी जाऊन दोन ओळी लिहून ठेवायची सवय होती. वह्या चाळल्या तर निम्म्या पानांवर एकच माणूस. बॉयलरवाले नाना, मूळचे भडगावकडचे.

*

चोपड्याचा एक व्यापारी शेंगदाणा तेल घ्यायला आला. जाता जाता त्याने नानांना सहज विचारलं, "तेल कसं आहे हो?"

"चांगलं शे. पन थोडं सरकीनं तेल मिसळेल शे."

सौदा मोडला! मॅनेजरसाहेब लालबुंद. "नाना, तुम्हाला कोणी सांगितलं होतं बोलायला?"

"कोनी नही साहेब. पन त्यानी इचारं ना!"

गंमत म्हणजे, तो व्यापारी पुढच्या खेपेलाही आला. आधी थेट बॉयलरपाशी, मग ऑफिसात!

*

बॉयलरवर एक सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. वाफ जास्त झाली की ही झडप आपोआप उघडते आणि वाफ बाहेर सोडते. आमची झडप जाम झाली होती. ती बदलायची तर गिरणी चार दिवस बंद ठेवावी लागणार. नाना रोज मॅनेजरसाहेबांना सांगायचे आणि साहेब रोज म्हणायचे, "सीझन संपू द्या हो!"

एक दिवस नाना शांतपणे म्हणाले, "मंग बॉयलरलेबी सांगी द्या साहेब, सीझन शे म्हनीसन!"

*

शेवटी त्यांनी सरकारकडे तक्रार करायचं ठरवलं. लिहायला मी. मी म्हटलं, "नाना, नाव नको. निनावी पाठवू."

"नाव नही टाकं तं सरकारना साहेब कोनले इचारतीन?"

नुसतं नाव नाही, घराचा पत्ताही सांगितला. मारुतीच्या पारामागे, निळं दार! माझं अक्षर गिरणीत सगळे ओळखायचे, म्हणून मी सबंध अर्ज डाव्या हाताने लिहिला. नानांनी माझ्या डाव्या हाताकडे पाहिलं आणि खाली उजव्या हाताने सही केली.

*

महिन्याभराने तो अर्ज परत आमच्याच गिरणीत आला. 'अभिप्रायासाठी'! आवक क्रमांक टाकून मीच तो मॅनेजरसाहेबांपुढे ठेवला.

दुसऱ्या दिवशी उलटा कागद तयार झाला. 'बॉयलर सुस्थितीत असून तक्रार खोटी आहे.' खाली मॅनेजरसाहेबांची सही, मग सगळ्या कामगारांच्या. नानांना वेगळी नोटीस मिळाली. चौकशीत तक्रार खोटी ठरली, तर नोकरी गेली!

माझी पाळी आली तेव्हा मी कागद घेऊन आधी नानांकडे गेलो. माझ्या मुलीचं लग्न ठरलेलं होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "करा सही, भाऊसाहेब. पोरनं लगन शे. पन या बखत उजवा हाते करा!"

मी केली.

*

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत नानांजवळ कोणी बसेना. दोन दिवस एकटेच जेवले. तिसऱ्या दिवशी घाण्यावरचा भिका आपला डबा घेऊन मुकाट्याने त्यांच्या शेजारी जाऊन बसला. नानांच्या बायकोच्या, अक्कांच्या हातचं वांग्याचं भरीत त्याने पुढे ओढलं आणि म्हणाला, "नाना, सही करी दिधी. पन भरीत कसं सोडू?"

नानांनी अर्धी भाकरीही दिली.

*

आणि मग धुळ्याहून बॉयलर तपासणारे साहेब आले. बारीक अंगाचे, हळू बोलणारे. ऑफिसात चहा घेतला. आमचा सह्यांचा कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "इतके जण म्हणताहेत म्हणजे बॉयलर ठीकच असणार. चौकशी तिथेच बसून करू."

बॉयलरपाशी दोन खुर्च्या मांडल्या. एक त्यांची, एक मॅनेजरसाहेबांची. आम्ही सह्या करणारे भिंतीला लागून उभे.

साहेब म्हणाले, "नाना, प्रेशर हळूहळू वाढवा. काटा खुणेवर आला की झडप उघडायला हवी. बघू या."

नानांनी जाळ वाढवला. काटा सरकू लागला. भिंतीपासचे एकेक जण बाहेर पडले. मीही पडलो आणि खिडकीतून पाहू लागलो. आत तिघेच. साहेब घड्याळ बघत होते, नाना काटा बघत होते. मॅनेजरसाहेबांनी दोनदा घाम पुसला.

काटा खुणेवर आला. झडप गप्प!

खुर्ची पडल्याचा आवाज झाला. मॅनेजरसाहेब दारापर्यंत पोहोचले होते. तिथून ओरडले,

"नाना, जाळ ओढा बाहेर! माहीत आहे ना तुम्हाला, ती झडप उघडत नाही!"